सूज म्हणजे बाळसं नव्हे

शेअर बाजार उसळला, एखाद्या गावाभोवती भराभर इमारती उठल्या किंवा एखाद्या पक्षात अचानक भरती वाढली, की मराठी अग्रलेखात एक वाक्य ठरलेलं असतं : सूज म्हणजे बाळसं नव्हे. वाक्य इतकं वापरून झालंय, की त्याचा मूळ अर्थ आपण विसरलो आहोत. तो अर्थ घरातल्या जाणत्या बायकांचा आहे. बाळसं म्हणजे मुलानं अंगावर धरलेलं मांस. सूज म्हणजे अंगात अडकलेलं पाणी. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. गाल गुबगुबीत, डोळे बारीक, चेहरा गोल. फरक कळायला जवळ जावं लागतं आणि अंगठ्यानं दाबून पाहावं लागतं. बाळसं दाबलं तर लगेच वर येतं. सूज दाबली तर खड्डा पडतो आणि काही वेळ तसाच राहतो.

आज हीच सूज आपल्या फोनवर वेगळ्या रूपात येते. सकाळी उठल्यावर तोंड बर्फाच्या पाण्यात बुडवा. दिवसाला आठ ग्लास पाणी प्या. रात्रीचं मीठ बंद करा. काकडी खा, नारळपाणी प्या, सात दिवसांत जबड्याची रेघ दिसू लागेल. एक जण सांगतो की तुमचा चेहरा जाड नाही, तो 'कॉर्टिसॉल फेस' आहे. हे सगळं बघून मला नुसतं हसू येत नाही, कारण त्यातलं निम्मं खरं आहे. मीठ, पाणी आणि चेहऱ्यावरची सूज यांचं नातं आहेच. पण ते शोधून काढणाऱ्यांना सुंदर दिसायची घाई नव्हती. त्यांच्यासमोरची माणसं मरत होती. ती गोष्ट रीलच्या तीस सेकंदांत बसत नाही, म्हणून इथे सांगते.

दुधात मीठ घालणारे लोक

चरकसंहितेत सुजेला शोथ किंवा श्वयथु म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. बाहेरून मार लागून आलेली सूज वेगळी, शरीराच्या आतल्या बिघाडानं आलेली वेगळी, हा फरक तिथे स्पष्ट केला आहे. दाबल्यावर लगेच वर येणारी सूज आणि न येणारी सूज, दिवसा जोर करणारी आणि रात्री जोर करणारी, असेही भेद आहेत. म्हणजे अंगठ्याची परीक्षा तेव्हाही होती, आणि सूज दिवसाच्या वेळेनुसार कमीजास्त होते हेही कुणीतरी नीट पाहून ठेवलं होतं.

याच ग्रंथात, विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात, तीन गोष्टी अतिरेकानं खाऊ नयेत असं सांगितलं आहे : पिंपळी, क्षार आणि मीठ. मिठाच्या बाबतीत उदाहरण म्हणून चक्क काही प्रदेशांची नावं येतात. बाल्हीक, सौराष्ट्र, सिंध, सौवीर इथले लोक म्हणे दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, आणि त्यामुळे त्यांचं अंग शिथिल होतं. मिठाची फार सवय लागलेल्यांना अकाली टक्कल पडतं, केस पिकतात, सुरकुत्या येतात, असंही पुढे आहे. पोटात पाणी भरणाऱ्या जलोदराच्या रुग्णाला मात्र महिनोन्महिने दूध आणि नंतर दुधाबरोबर बिनमिठाचं हलकं धान्य द्यावं, असा उपचार आहे.

इथे 'आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं' असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. निरीक्षण अचूक असणं आणि कारण ठाऊक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चरकाची मांडणी वात-पित्त-कफाच्या चौकटीतली आहे. मूत्रपिंड मीठ बाहेर टाकतं आणि ते थकलं की मीठ अंगात साठतं, ही कल्पना त्यात नाही, आणि त्या काळात जगात कुठेच नव्हती. पण दूध, मीठ आणि सूज हे तिन्ही शब्द एका ग्रंथात आले होते. ते लक्षात ठेवा, कारण पॅरिसमध्ये ते पुन्हा भेटणार आहेत.

चमचा आणि मेणबत्ती

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अंगावर पाणी चढण्याला 'ड्रॉप्सी' म्हणत. तो लक्षणाचा शब्द होता, पण रोगाचं नाव म्हणून वापरला जाई. पाय सुजले, पोट फुगलं, तोंड सुजलं, सगळं ड्रॉप्सी. १७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरसमोर श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचं घरगुती औषध आलं. त्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचाही अभ्यासक होता. त्यातली कामाची वनस्पती फॉक्सग्लोव्ह असणार, हे त्यानं ओळखलं, दहा वर्षं रुग्णांवर वापरून नोंदी केल्या आणि १७८५ साली पुस्तक काढलं. आज आपण ज्याला डिजिटॅलिस म्हणतो ते हेच. त्यानं काही रुग्णांची सूज झरझर उतरे आणि काहींना काडीचा फरक पडत नसे.

असं का, याचं अर्धं उत्तर लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटनं १८२७ साली दिलं. त्याची पद्धत कुणालाही करता येईल इतकी साधी होती. सुजलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. काहींची लघवी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ होऊन साकळायची. असे रुग्ण दगावले की ब्राइट शवविच्छेदन करी, आणि त्यांची मूत्रपिंडं खराब झालेली दिसत. सूज, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बिघडलेलं मूत्रपिंड हे तीन धागे त्यानं एकत्र बांधले. ड्रॉप्सी एक नव्हती. काहींची हृदयातून येत होती, काहींची मूत्रपिंडातून. विदरिंगचं औषध हृदयाचं होतं, म्हणून ते पहिल्यांना लागू पडायचं आणि दुसऱ्यांना नाही.

अशा मूत्रपिंडाच्या रुग्णांची सूज पुष्कळदा आधी दिसते ती डोळ्यांभोवती आणि सकाळी. तिथली कातडी पातळ असते, खालचा थर सैल असतो, आणि रात्रभर आडवं पडल्यामुळे पायांकडचं पाणी वर सरकलेलं असतं. दुपारपर्यंत ते पुन्हा खाली उतरतं, आणि माणूस म्हणतो, झोप जास्त झाली असेल.

आमच्या आत्याच्या बाबतीत हेच म्हटलं गेलं. १९९१ साली मी सातवीत होते. आत्या आमच्याकडे राहायची, अंगानं काटकुळी. त्या उन्हाळ्यात तिचा चेहरा भरायला लागला. वाड्यातल्या बायका म्हणाल्या, "वन्सं, माहेरचं पाणी मानवलं बरं तुम्हाला." आत्याही खूश होती. शेजारच्या काकू रोज सकाळी तांब्याभर पाणी प्यायला सांगत, म्हणजे तोंडावरचा जडपणा जाईल, आणि आत्या ते इमानानं पीत होती. मग एक दिवस तिच्या पायातली जोडवी रुतून बसली. तालुक्याच्या दवाखान्यात तिथल्या मदतनिसानं काचेच्या नळीत लघवी घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. नळीच्या वरच्या भागात दुधासारखा पांढरा ढग आला. पुढे कितीतरी वर्षांनी ब्राइटबद्दल वाचताना माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी आमच्यासमोर त्याचाच चमचा आणि त्याचीच मेणबत्ती होती.

विडाल टेस्टवाला विडाल

टायफॉइडच्या संशयानं रक्त तपासलं नाही असं घर आपल्याकडे विरळा. 'विडाल पॉझिटिव्ह आलीय' हे वाक्य आजीलाही पाठ असतं. ती चाचणी १८९६ साली देणारा फर्नांड विडाल हा पॅरिसचा डॉक्टर. सुजेच्या इतिहासातलं सर्वात नेटकं काम याच माणसाचं आहे, आणि ते मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

त्या काळी मूत्रपिंडाच्या रुग्णाला दुधावर ठेवत. सूज उतरायची. का, ते ठाऊक नव्हतं. दूध सौम्य असतं, मांस विषारी असतं, अशी ढोबळ समजूत होती. १९०३ साली विडाल आणि त्याचा सहकारी जावाल यांनी ही समजूत तपासायचं ठरवलं. रुग्णाला दुधावर ठेवलं, सूज उतरली. मग त्याच दुधात मीठ घातलं. सूज परत आली. मग ज्या मांसाला सगळे घाबरत होते तेच मांस बिनमिठाचं दिलं. सूज पुन्हा उतरली. प्रश्न दुधाचा नव्हता आणि मांसाचाही नव्हता. दुधात मीठ कमी असतं, एवढीच दुधाची जादू होती.

विडालनं आणखी एक गोष्ट केली. तो रुग्णांचं रोज वजन करायचा. मीठ सुरू केलं की सूज डोळ्यांना दिसण्याच्या आधीच वजन वाढू लागे. म्हणजे पाणी आधी साठतं, चेहरा नंतर सांगतो. आजही हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला रोज सकाळी वजन करायला सांगतात, त्यामागे हेच आहे.

मीठ पाणी का धरून ठेवतं, हे समजायला सलाइनची बाटली पुरे. एक लिटर सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच आहे. शरीर हा खारटपणा फार काटेकोरपणे सांभाळतं. ९ ग्रॅम जादा मीठ अंगात अडकलं, तर ते पातळ ठेवायला जवळपास लिटरभर पाणी थांबवावं लागतं. मूत्रपिंड धडधाकट असेल तर एक-दोन दिवसांत हा हिशेब मिटतो. रात्री उशिरा चिप्स, शेजवान नूडल्स किंवा लोणचं-पापड हाणल्यावर सकाळी डोळे जड वाटतात आणि दुसऱ्या दिवशी ठीक होतात, ते यामुळे. मूत्रपिंड थकलेलं असेल तर हिशेब मिटतच नाही.

आत्याचं पथ्य म्हणजे विडालचंच पथ्य होतं. अळणी भाजी, अळणी वरण, बिनमिठाची भाकरी. मराठीत 'अळणी' हा शब्द आपण नीरस माणसालाही वापरतो, त्याचं कारण मला तिच्या ताटाकडे बघून कळलं. आई आधी सगळ्यांची भाजी बिनमिठाची करायची, आत्याची वाटी बाजूला काढायची आणि मग पातेल्यात मीठ टाकायची. आत्याला सर्वांत जास्त आठवण यायची ती गुळांब्याची नाही, श्रीखंडाची नाही, तर खारातल्या मिरचीची.

मीठ तोडणं किती कठीण, हे गांधीजींना चांगलं ठाऊक होतं. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असताना त्यांनी बांना मीठ आणि डाळ सोडायचा आग्रह केला. बा म्हणाल्या, तुम्हाला तरी जमेल का? गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. आत्मकथेत हा प्रसंग आहे. याच माणसानं पुढे १९३० साली मिठावरच्या कराविरुद्ध दांडीची यात्रा काढली, आणि त्याच मे महिन्यात आपल्याकडे शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. वरवर विसंगती वाटते, पण नाही. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ लागतंच. मीठ स्वतःहून सोडणं वेगळं आणि ते परवडू न देणं वेगळं.

भाताचं औषध

वॉल्टर केम्पनर हा जर्मनीतून निघून आलेला ज्यू डॉक्टर १९३४ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पोचला. त्या काळी रक्तदाब फार वाढलेला, मूत्रपिंड बिघडलेला रुग्ण म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती. परिणामकारक गोळ्या नव्हत्या. केम्पनरनं त्यांना पांढरा भात, फळं, फळांचा रस आणि साखर एवढ्यावर ठेवलं. दिवसाचं सोडियम दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. आज जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाला सोडियम २ ग्रॅमच्या, म्हणजे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. केम्पनरचा आहार त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता.

एक किस्सा नेहमी सांगतात. १९४२ साली त्यानं एका शेतकरी बाईला दोन आठवडे भात खाऊन परत यायला सांगितलं. त्याच्या जर्मन उच्चारांमुळे तिला दोन महिने ऐकू आलं. ती दोन महिन्यांनी आली तेव्हा तिचा रक्तदाब खूप उतरला होता आणि आकारानं वाढलेलं हृदय लहान झालं होतं. तोवर इतका काळ हा आहार कुणाला द्यायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

पुढे हे भाताचं पथ्य वजन उतरवण्यासाठी गाजलं. दूरदूरहून लोक येऊन राहू लागले. इथे कथा काळवंडते. पथ्य मोडणाऱ्या काही रुग्णांना आपण चाबकानं मारलं, हे केम्पनरनं शेवटी कबूल केलं. मरणाऱ्याला वाचवणारा आहार चेहरा आणि कंबर सुधारण्याच्या बाजारात गेला, की त्याची शिस्त हळूहळू शिक्षा कशी होते, याचं इतकं उघडं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोथायझाइड आलं. ही गोळी मूत्रपिंडाकडून मीठ बाहेर टाकून घेते, आणि मिठामागे पाणी जातं. अळणी ताटाचं बरंचसं काम गोळीनं घेतलं. त्याच जातीच्या गोळ्या आज काही जण फोटोच्या आदल्या दिवशी चेहरा बारीक दिसावा म्हणून परस्पर घेतात. त्यात पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

आठ ग्लास

आता पाण्याकडे. आठ ग्लासांची शिफारस नेमकी कुठून आली याचा माग काढणारे बहुतेक जण १९४५ साली पोचतात. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डानं त्या वर्षी म्हटलं, की प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. त्याच्याच पुढे आणखी एक वाक्य होतं : यातलं बरंचसं पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं गळून पडलं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकानं सगळं उपलब्ध संशोधन चाळलं. निरोगी, सौम्य हवेत राहणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या माणसानं आठ ग्लास प्यायलाच हवेत, याला आधार सापडला नाही.

आपलं जेवण तर पातळच. वरण, आमटी, कढी, ताक, सार. भातसुद्धा शिजल्यावर निम्म्याहून जास्त पाणीच असतो. अर्थात मे महिन्यात अकोल्यात उन्हात उभं राहणाऱ्याला आठ ग्लासही कमी पडतील. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा तहान आणि लघवीचा रंग बघणं शहाणपणाचं.

पाणी जास्त प्यायल्यानं सूज 'धुऊन' जाते का? निरोगी शरीरात जादा पाणी मूत्रपिंडं काही तासांत बाहेर काढतात. मिठाचा हिशेब मिटायला पुरेसं पाणी हवं, हे खरं. पण दुप्पट पाण्यानं तो दुप्पट वेगानं मिटत नाही. आणि फारच पाणी प्यायलं तर उलटा धोका असतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम नेहमीपेक्षा खाली गेलेलं होतं, आणि त्यामागचं मोठं कारण धावताना प्यायलेलं जादा पाणी हे होतं. ज्यांचं मूत्रपिंड किंवा हृदय थकलंय, त्यांना डॉक्टर बहुधा पाणी मोजून द्यायला सांगतात. आत्याच्या सकाळच्या तांब्यावर पहिला निर्बंध आला तो यामुळेच.

मीठ आणि पाणी यांना शत्रू-मित्र ठरवण्याआधी १९७१ सालचं बनगाव आठवावं. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून लोकांना प्यायला दिलं. नातेवाइकांनी ते पिंपांतून घेऊन आपापल्या माणसाला पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आलं. नुसतं पाणी देऊन हे झालं नसतं. आतड्यात मीठ आणि साखर एकत्र शोषली जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. शरीरात पाणी टिकवायचं तर मीठ लागतं. ज्या गुणामुळे मीठ एकाचं तोंड सुजवतं, त्याच गुणानं ते दुसऱ्याचा जीव वाचवतं.

उपाशी गाल

सुजेबद्दल मला सर्वांत अस्वस्थ करणारं पान पश्चिम आफ्रिकेतलं आहे. आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरनं १९३३ साली लहान मुलांमधल्या एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. दूध तुटलेली, मक्याच्या पेजेवर वाढणारी मुलं. हातपाय सुजलेले, चेहरा गोल. तिथल्या गा भाषेत त्याला नाव होतं क्वाशिओरकोर, म्हणजे पाठीवर दुसरं मूल आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार. ज्यांना नीट पाहता येत नव्हतं त्यांना ही मुलं धष्टपुष्ट वाटायची. ती उपाशी होती.

१९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ तरुणांनी स्वखुशीनं अर्धपोटी राहून उपासमारीचा अभ्यास करू दिला. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्शानं उतरलं, आणि काहींचे पाय व चेहरे मात्र सुजले. उपाशी शरीर पाणी धरून का बसतं, याचं उत्तर पूर्वी 'रक्तातलं प्रथिन कमी झालं म्हणून' असं एका ओळीत देत. अर्नेस्ट स्टार्लिंगनं १८९६ साली दाखवलं होतं, की रक्तातली प्रथिनं पाण्याला नळ्यांमध्ये ओढून धरतात. ते सूत्र आजही उभं आहे, पण क्वाशिओरकोरमागची कारणं त्याहून गुंतागुंतीची आहेत, असं आता मानतात.

आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत तीव्र कुपोषित मूल आणलं, की आजही त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहतात. दोन्हीकडे खड्डा राहिला तर वजनाचा काटा काहीही म्हणो, मूल तीव्र कुपोषितात धरलं जातं. सुजेच्या पाण्यानं वजन फुगलेलं असतं. मेळघाटातल्या आईला कुणी 'बाळसं छान आहे' म्हटलं, तर तिचा मुलगा त्या कौतुकात हरवू शकतो.

चंद्रासारखं तोंड

राहिला 'कॉर्टिसॉल फेस'. १९३२ साली हार्वी कुशिंग या मेंदूशल्यविशारदानं गोल, लालसर चेहरा, धडावर चरबी आणि बारीक हातपाय असलेल्या रुग्णांचा एक गट वर्णन केला. १९४८ साली सांधेवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं गेलं, अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली, आणि १९५०चं नोबेल त्या कामाला मिळालं. मग औषध महिनोन्महिने घेणाऱ्यांचे चेहरेही तसेच गोल होऊ लागले. हा गोलपणा मुख्यतः चरबीच्या जागा बदलल्यानं येतो. परीक्षेचा किंवा ऑफिसचा ताण आला म्हणून आठवड्यात असं तोंड होत नाही. गुडघेदुखीवर 'हमखास गुण' देणारी बिनलेबलची पुडी किंवा गोरेपणाचं स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम मात्र अशी लक्षणं आणू शकतं. चेहरा गोल होत चालला असेल, तर आपण काय घेतोय, काय फासतोय, हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगायला हवं.

मग करायचं काय

दोनशे वर्षांच्या या अभ्यासातून निरोगी माणसासाठी निघणारी यादी फार छोटी आहे. रात्रीच्या जेवणात पापड, लोणचं, सॉस, पाकिटबंद खारट पदार्थ कमी. वरून मीठ घ्यायची सवय बंद. तहानेप्रमाणे पाणी. दारू कमी, झोप पुरेशी. उशी जरा उंच घेतली तर डोळ्यांखालचं पाणी रात्री कमी साठतं. गार पाण्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि तात्पुरता फरक दिसतो. यापलीकडे ज्याला आपण सूज म्हणतो, ती पुष्कळदा आपल्या चेहऱ्याची ठेवणच असते. आईकडून आलेले गाल काकडीनं जात नाहीत, आणि जाण्याची गरजही नसते.

पण दुसरी यादी पाठ असावी. सकाळची सूज दोन-चार दिवसांनीही तशीच येतेय. पायावर अंगठा दाबला तर खड्डा राहतो. अंगठी, जोडवी, चप्पल घट्ट होतेय. लघवीला फार फेस येतो किंवा ती कमी झालीय. वजन काही दिवसांत वाढलंय. चढताना धाप लागते. थकवा, थंडी न सोसणं आणि भरलेला चेहरा एकत्र आलंय, म्हणजे थायरॉइडही पाहायला हवं. चेहरा, ओठ किंवा जीभ अचानक सुजून श्वास अडकतोय, तर वाट न पाहता तातडीनं हॉस्पिटल गाठायचं. बाकीच्यांसाठी लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब हे पहिलं पाऊल आहे. लघवीची पट्टी आता चमचा आणि मेणबत्तीपेक्षाही लवकर उत्तर देते, आणि तिचा खर्च बर्फाच्या रोलरपेक्षा कमी असतो.

आत्या पुढे अकरा वर्षं जगली. तिला गोळ्या मिळाल्या, वेळेवर निदान मिळालं आणि आईच्या हातची अळणी वाटी मिळाली. तिचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा काटकुळा झाला, आणि बायका म्हणू लागल्या, किती वाळलात वन्सं.